एका जुन्या मशीनवर अख्खा क्लाउड: स्क्रिप्टच्या मदतीने ओपनस्टॅकची उभारणी

जिंतूरकडचा माझा एक विद्यार्थी पुण्याला मुलाखतीला गेला होता. त्याला विचारलं, "इन्स्टन्स सुरू करायचं बटण दाबल्यावर आत काय काय घडतं?" इन्स्टन्स म्हणजे क्लाउडवर चालणारी एक आभासी मशीन. पोराला बटण माहीत होतं, पण आतलं काहीच माहीत नव्हतं. चूक त्याची नव्हती. क्लाउडचं फुकट खातं उघडायला क्रेडिट कार्ड मागतात, आणि त्याच्या घरात ते कुणाकडेच नाही. कॉलेजात 'क्लाउड म्हणजे काय' याची पाच गुणांची व्याख्या पाठ केलेली, आणि प्रॅक्टिकल म्हणजे कुणाच्या तरी खात्यावरचे स्क्रीनशॉट. त्यानंतर मी नांदेडच्या आमच्या लॅबमधला पहिला धडाच बदलला. आता आधी स्वतःचा क्लाउड उभा करायचा, आणि दुसऱ्याचा भाड्याने घ्यायचा विषय नंतर.

हे करायला डेटा सेंटर लागत नाही. ऑफिसांतून निघालेला जुना डेस्कटॉप, एक एसएसडी, एक रात्रभर टिकणारं इंटरनेट आणि डेव्हस्टॅक नावाच्या स्क्रिप्ट एवढ्यावर काम होतं. परभणी, लातूर, बीड, हिंगोली, कुठेही बसून करता येईल अशा पद्धतीने पुढे सगळं लिहिलं आहे.

काय उभं करतोय

ओपनस्टॅक हे मुक्तस्रोत क्लाउड सॉफ्टवेअर आहे. जुलै २०१० मध्ये रॅकस्पेस आणि नासा यांनी मिळून ते सुरू केलं. नासाच्या नेब्युला प्रकल्पाचा कोड पुढे 'नोव्हा' झाला आणि रॅकस्पेसची फाइल साठवण्याची यंत्रणा 'स्विफ्ट' झाली. आज त्यात डझनावारी प्रकल्प आहेत, पण आपल्याला सुरुवातीला सातांशीच काम आहे. कीस्टोन ओळख तपासतो. ग्लान्स इमेज, म्हणजे मशीन सुरू करायच्या तयार डिस्क फाइली, सांभाळतो. व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवायचं काम नोव्हाचं, आणि कुठल्या मशीनवर किती जागा शिल्लक आहे याचा हिशोब प्लेसमेंटचा. न्यूट्रॉन नेटवर्क बांधतो, सिंडर डिस्क देतो आणि होरायझन म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारं पान.

हे सातही हाताने बसवायचे तर प्रत्येकाचा डेटाबेस, प्रत्येकाचा यूजर, प्रत्येकाची कॉन्फिग फाइल करावी लागते. मी एकदा तसं केलं आहे आणि त्यात आठवडा गेला. डेव्हस्टॅक हे सगळं बॅश स्क्रिप्टमधून करतो. ओपनस्टॅकचे डेव्हलपर स्वतः हाच वापरतात, आणि त्यांच्या कोडमधल्या बदलांची स्वयंचलित चाचणीही डेव्हस्टॅकवरच होते. म्हणून ही खेळण्यातली वस्तू समजू नका. मात्र गिऱ्हाइकाची वेबसाइट चालवायलाही ती नाही. शिकणं, तपासणं, मोडणं आणि पुन्हा उभं करणं यासाठी ती आहे.

एक सूचना आत्ताच देतो. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

मशीन आणि व्हीएम

१६ जीबी रॅम, चार कोअरचा प्रोसेसर आणि एसएसडी असेल तर काम नीट होतं. ८ जीबीवरही होतं, पण काही सर्व्हिसेस गाळाव्या लागतात आणि धीर धरावा लागतो. साधी फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी रॅमपेक्षा एसएसडीवर खर्च करा. डेटाबेस आणि पायथॉनच्या शेकडो छोट्या फाइली फिरत्या डिस्कला दम आणतात.

दुसरी अट व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरी चालवण्याच्या सोयीची. सेकंडहँड डेस्कटॉपमध्ये बायोसमधलं व्हीटी-एक्स बहुतेक वेळा बंदच सापडतं. इंटेल असेल तर व्हीटी-एक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम नावाचा पर्याय शोधून चालू करा. नंतर उबुंटूमध्ये 'सीपीयू-चेकर' हे पॅकेज टाकून 'केव्हीएम-ओके' कमांड द्या. केव्हीएम, म्हणजे लिनक्समधली व्हीएम चालवणारी सोय, वापरता येईल असं उत्तर आलं की पुढे जा.

डेव्हस्टॅक कधीही रोजच्या वापरातल्या लिनक्सवर थेट चालवू नका, हे मी वर्गात फळ्यावर लिहून ठेवतो. ही स्क्रिप्ट नेटवर्कचे ब्रिज बदलते, डेटाबेस बसवते, ॲडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडो कमांडचे नियम बदलते, शेकडो पॅकेजं टाकते. नंतर 'आधीसारखं कर' म्हटलं तर ते होत नाही. म्हणून एक व्हीएम करायची आणि क्लाउड त्या व्हीएमच्या आत उभा करायचा. मोडला तर व्हीएम फेकून द्यायची.

मुख्य मशीनवर उबुंटू, त्यावर केव्हीएम आणि 'व्हर्ट-मॅनेजर' ही माझी पसंती. त्यातल्या व्हीएमला ४ सीपीयू, १२ जीबी रॅम आणि ६० जीबी डिस्क द्या. सीपीयूच्या मॉडेलमध्ये 'होस्ट-पासथ्रू' निवडा, म्हणजे व्हीएमच्या आतही केव्हीएम चालतं. आत गेल्यावर पुन्हा 'केव्हीएम-ओके' देऊन खात्री करा. लॅबमध्ये विंडोजच असेल आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या आत ही सोय मिळाली नाही, तरी अडून बसू नका. मग क्यूईएमयू संपूर्ण सीपीयूची नक्कल करून व्हीएम चालवतो. हळू चालतं, पण शिकायला पुरतं.

आत उबुंटू सर्व्हर २४.०४ बसवा. इथे एक खाच आहे. इन्स्टॉलर एलव्हीएम पद्धतीने डिस्कचे भाग पाडतो आणि आपण काही बदललं नाही तर रूटला, म्हणजे मुख्य भागाला, डिस्कचा जवळपास अर्धाच भाग देतो. ६० जीबी दिली म्हणून निर्धास्त राहावं, आणि निम्म्यावर आल्यावर 'जागा संपली' असा संदेश यावा, असं आमच्याकडे दोनदा झालं. डिस्कच्या पानावर रूटचा आकार वाढवून पूर्ण घ्या. ओपनएसएसएचच्या चौकटीवर खूण करा. बाकी पॅकेजं नकोत.

आता आयपी. व्हीएमला स्थिर आयपी द्याच. व्हर्ट-मॅनेजरचं नेहमीचं नेटवर्क १९२.१६८.१२२ ने सुरू होतं, त्यात १९२.१६८.१२२.५० घ्या आणि नेटप्लॅनच्या फाइलमध्ये कायम करून ठेवा. डेव्हस्टॅक प्रत्येक सर्व्हिसचा पत्ता कीस्टोनच्या डेटाबेसमध्ये या आयपीसकट लिहून ठेवतो. उद्या राउटरने दुसरा आयपी दिला, तर क्लाउड जागेवर असतो, पण त्यातली प्रत्येक सर्व्हिस दुसरीला जुन्या पत्त्यावर शोधत बसते.

सगळं अपडेट करून झालं की व्हीएम बंद करा आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घ्या. त्याला आम्ही 'कोरा' म्हणतो. पुढे कितीही बिघडलं तरी दोन मिनिटांत कोऱ्यावर परत येता येतं.

यूजर आणि कोड

डेव्हस्टॅक रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, म्हणून चालत नाही. तसा चालवायला गेलात तर स्वतःच थांबतो. त्याला 'स्टॅक' नावाचा यूजर हवा, ज्याचं घर 'ऑप्ट' फोल्डरखालच्या 'स्टॅक'मध्ये आहे आणि ज्याला पासवर्ड न विचारता सुडो करता येतं. हे हाताने करता येतं, पण त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट दिलेली आहे. आधी नेहमीच्या यूजरने ओपनडेव्ह डॉट ऑर्गवरून 'ओपनस्टॅक' खालचा 'डेव्हस्टॅक' हा कोड गिट क्लोन करा, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घ्या. त्यातल्या 'टूल्स' फोल्डरमधली 'क्रिएट-स्टॅक-यूजर डॉट एसएच' सुडोने चालवा. मग 'सुडो, आडवी रेघ यू, स्टॅक, आडवी रेघ आय' या कमांडने स्टॅक यूजर व्हा आणि कोड त्याच्या घरात पुन्हा क्लोन करा. दोनदा क्लोन करणं खटकेल, पण कोडची मालकी स्टॅक यूजरकडे असली की पुढच्या परवानगीच्या अर्ध्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

घराच्या फोल्डरच्या परवानग्याही पाहून घ्या. उबुंटूच्या नव्या आवृत्त्या यूजरचं घर इतरांना बंद ठेवतात, आणि वेब सर्व्हरला तर त्या फोल्डरमधून जावं लागतं. 'चमॉड, अधिक एक्स' देऊन तेवढी वाट मोकळी करा.

आता ब्रँच, म्हणजे कोडची शाखा. क्लोन केल्यावर आपण 'मास्टर'वर असतो, म्हणजे आज सकाळी कुणी तरी टाकलेल्या कोडवर. शिकणाऱ्याने तिथे राहू नये. ओपनस्टॅकची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. २०२२ पर्यंत आवृत्त्यांना ऑस्टिनपासून झेडपर्यंत वर्णमालेच्या क्रमाने नावं होती, २०२३ पासून वर्ष आणि क्रमांक पुढे आला. उबुंटू २४.०४ सोबत 'स्टेबल' तिरकी रेघ '२०२५.१' ही ब्रँच जुळते. 'गिट चेकआउट' करून तिथे या. डेव्हस्टॅकची जी ब्रँच, तीच ब्रँच तो नोव्हा, न्यूट्रॉन वगैरेंची उचलतो, त्यामुळे वेगळं काही सांगावं लागत नाही.

लोकल डॉट कॉन्फ

आपण स्वतःच्या हाताने लिहायची फाइल ही एकच. कोडच्या 'सॅम्पल्स' फोल्डरमध्ये तिचा नमुना आहे, तो वरच्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्या. सुरुवातीला चौकोनी कंसांत 'लोकल' आणि 'लोकलआरसी' असं लिहिलेली ओळ असते, तिला हात लावू नका. कंस दुहेरी आहेत, मध्ये उभी रेघ आहे. ती ओळ चुकली तर खालचं काहीच वाचलं जात नाही, आणि चूकही दाखवली जात नाही.

त्याखाली चार पासवर्ड येतात. 'ॲडमिन पासवर्ड' आपण लॉगिन करताना वापरतो. 'डेटाबेस पासवर्ड' मायएसक्यूएलचा. 'रॅबिट पासवर्ड' रॅबिटएमक्यूचा. सर्व्हिसेस एकमेकींना निरोप धाडतात ते याच्यातून. 'सर्व्हिस पासवर्ड' नोव्हा किंवा न्यूट्रॉन कीस्टोनसमोर स्वतःची ओळख पटवताना वापरतात. ही नावं सगळी कॅपिटल अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर टाकून लिहायची. पासवर्डमध्ये फक्त अक्षरं आणि अंक ठेवा. बँकेची सवय म्हणून कुणी ॲट किंवा हॅश घालतं, आणि मग पासवर्ड जिथे यूआरएलच्या आत बसतो तिथे सर्व्हिस अडखळते. चारपैकी एखादा लिहिला नाही तर स्क्रिप्ट मध्येच थांबून विचारते. तुम्ही रात्री लावून झोपलात तर ती सकाळपर्यंत तुमच्या उत्तराची वाट पाहते.

यापुढच्या ओळी मी स्वतःच्या अनुभवावरून घालतो. 'होस्ट आयपी'मध्ये १९२.१६८.१२२.५० लिहा, स्क्रिप्टला अंदाज बांधू देऊ नका. 'लॉगफाइल'ला पूर्ण पाथ द्या. 'गिट टाइमआउट'मध्ये सेकंदांचा आकडा टाका, उदाहरणार्थ ६००. आपल्याकडचं नेट तुटत नाही, ते अडकून बसतं. आणि अडकलेलं क्लोन कधी संपतच नाही. टाइमआउट दिला की स्क्रिप्ट तो प्रयत्न सोडून पुन्हा सुरुवात करते. केव्हीएम मिळालं नसेल तर 'लिबव्हर्ट टाइप' म्हणून क्यूईएमयू लिहा.

रॅम कमी असेल तर 'डिसेबल सर्व्हिस' या शब्दांनी टेम्पेस्ट काढून टाका, तो फक्त चाचणीसाठी असतो. सिंडरच्या तीन सर्व्हिसेस, 'सी-एपीआय', 'सी-एससीएच' आणि 'सी-व्हॉल', याही पहिल्या फेरीत काढता येतात. होरायझन मात्र ८ जीबीवरही ठेवा. पोरांना डोळ्यांनी पान दिसलं की पुढची कमांड टाइप करायला हुरूप येतो, हे मी दरवर्षी पाहतो.

स्क्रिप्ट चालवताना

आधी 'टीमक्स' सुरू करा, म्हणजे लॅपटॉपचं वायफाय गेलं तरी स्क्रिप्ट मरत नाही. मग डेव्हस्टॅकच्या फोल्डरमध्ये उभं राहून 'टिंब, तिरकी रेघ, स्टॅक डॉट एसएच'. सुडो लावायचं नाही.

चांगल्या नेटवर पंधरा ते तीस मिनिटं लागतात असं धरतात. आमच्याकडे पहिली फेरी दीड तासाच्या आत क्वचितच संपते. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर हे काम हाती घेऊ नका. कॉलेजचं किंवा ऑफिसचं फायबर रात्री मोकळं असतं, ती वेळ साधा.

या दीड तासात उठून जाऊ नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. स्क्रीनवर सरकणारा मजकूर म्हणजे क्लाउड उभारणीचं चालू वर्णन आहे, आणि तेच शिकायचं आहे. सुरुवातीला उबुंटूची आवृत्ती तपासली जाते. मग पॅकेजं येतात. पाठोपाठ मायएसक्यूएल आणि रॅबिटएमक्यू. हे दोन आधी का, असं विद्यार्थ्यांना विचारा. उत्तर सोपं आहे: बाकी सगळ्यांना लिहायला वही आणि बोलायला निरोप्या लागतो. त्यानंतर 'ऑप्ट, स्टॅक'मध्ये एकेक कोड क्लोन होतो आणि पायथॉनच्या लायब्ररी बसतात. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पहिली सर्व्हिस कीस्टोन, कारण ओळख पटल्याशिवाय पुढचा कुणी कुणाशी बोलत नाही. मग ग्लान्स, न्यूट्रॉन, नोव्हा यांची पाळी. शेवटी सिरॉस नावाची अगदी छोटी लिनक्स इमेज ग्लान्समध्ये चढते, आणि 'प्रायव्हेट' व 'पब्लिक' नावाची दोन नेटवर्कं तयार होतात.

सगळं जमलं तर अखेरीस होरायझनचा पत्ता, कीस्टोनचा पत्ता, 'ॲडमिन' आणि 'डेमो' हे दोन यूजर आणि तुमचा आयपी छापून येतो. तो आला की दुसरा स्नॅपशॉट घ्या, पण व्हीएम बंद करून नव्हे, चालू असतानाच. कारण पुढे येतंच आहे.

पहिला इन्स्टन्स

होरायझनवरून चार क्लिकमध्ये होईल, पण पहिला इन्स्टन्स कमांडनेच करा. 'सोर्स ओपनआरसी डेमो डेमो' दिलं की टर्मिनलला डेमो यूजर आणि डेमो प्रोजेक्टची ओळख मिळते. 'ओपनस्टॅक इमेज लिस्ट', 'ओपनस्टॅक फ्लेवर लिस्ट', 'ओपनस्टॅक नेटवर्क लिस्ट' या तीन कमांडनी हाताशी काय काय आहे ते पाहा. फ्लेवर म्हणजे किती रॅम, किती सीपीयू, किती डिस्क यांचा ठरलेला गठ्ठा. 'सिरॉस२५६' हा फ्लेवर सिरॉसच्या मापाचाच आहे. 'ओपनस्टॅक सर्व्हर क्रिएट' पुढे फ्लेवर, सिरॉसची इमेज, प्रायव्हेट नेटवर्क आणि आपलं नाव द्या. 'ओपनस्टॅक सर्व्हर लिस्ट' देत राहा. स्थिती 'बिल्ड'वरून 'ॲक्टिव्ह'वर गेली की इन्स्टन्स उभा राहिला.

आता त्याला पिंग करा. जाणार नाही. इथे निम्मे विद्यार्थी समजतात की उभारणी चुकली. चुकलेलं काहीच नाही. प्रत्येक इन्स्टन्सभोवती सिक्युरिटी ग्रुप नावाचं कुंपण असतं आणि सुरुवातीला ते बाहेरून कुणालाच आत घेत नाही. 'ओपनस्टॅक सिक्युरिटी ग्रुप रूल क्रिएट' वापरून डीफॉल्ट ग्रुपमध्ये पिंगसाठी आयसीएमपी आणि एसएसएचसाठी टीसीपीचं २२ क्रमांकाचं पोर्ट उघडा. मग बाहेरून पोचता येईल असा पत्ता घ्यायला 'ओपनस्टॅक फ्लोटिंग आयपी क्रिएट पब्लिक' द्या. १७२.२४.४ ने सुरू होणारा एक पत्ता मिळेल, तो 'सर्व्हर ॲड फ्लोटिंग आयपी'ने आपल्या इन्स्टन्सला जोडा. आता पिंग जाईल. एसएसएचने 'सिरॉस' या यूजरने आत शिरा. पासवर्ड इन्स्टन्सच्या कन्सोलवर लॉगिनच्या वरच छापलेला असतो.

जिंतूरच्या त्या पोराचा प्रश्न आता सुटतो. बटण दाबल्यावर नोव्हा आधी कीस्टोनला विचारतो की हा कोण आहे. मग प्लेसमेंटला विचारतो की जागा कुठे आहे. ग्लान्सकडून इमेज येते, न्यूट्रॉन पोर्ट आणि आयपी देतो, आणि शेवटी नोव्हाची कंप्यूट सर्व्हिस, म्हणजे 'एन-सीपीयू', केव्हीएम हाताळणाऱ्या लिबव्हर्टला सांगते की केव्हीएमवर ही मशीन चालू कर. हे वाचून पाठ करायचं नाही. 'जर्नल सीटीएल' पुढे 'आडवी रेघ एफ', 'आडवी रेघ यू' आणि 'डेव्हस्टॅक ॲट एन-सीपीयू' देऊन दुसऱ्या खिडकीत लॉग वाहता ठेवा आणि नवा इन्स्टन्स करा. कंप्यूटच्या वाट्याचं काम ओळीओळीने दिसतं.

अडतं कुठे

स्क्रिप्ट मेली की लाल अक्षरांची शेवटची ओळ पाहून गुगल करण्याची सवय मोडा. शेवटची ओळ बहुतेक वेळा 'काही तरी चुकलं' एवढंच सांगते. लॉग फाइल उघडा, खालून वर जा आणि पहिला 'एरर' शोधा. पहिली चूक वीस-तीस ओळी वर असते, बाकीच्या तिच्या मागून आलेल्या असतात.

आमच्या लॅबमध्ये सर्वांत जास्त वेळा नेट आडवं येतं. क्लोन अर्धवट राहिलं असेल तर 'ऑप्ट, स्टॅक'मधला त्या प्रकल्पाचा फोल्डर पूर्ण काढून टाका, मग 'अनस्टॅक डॉट एसएच' आणि पुन्हा 'स्टॅक डॉट एसएच'. अर्धवट फोल्डर तसाच ठेवला तर स्क्रिप्ट त्याला पूर्ण समजते आणि भलतीकडेच अडते.

दुसरा क्रमांक रॅमचा. मायएसक्यूएलशी संपर्क होत नाही असा एरर आला तर पासवर्ड तपासण्याआधी 'डीमेसेज' पाहा. कर्नलने रॅम संपली म्हणून मायएसक्यूएललाच मारलेलं असतं. स्वॅप फाइल वाढवा किंवा सर्व्हिसेस कमी करा.

तिसरा त्रास विजेचा. डेव्हस्टॅक रीबूटनंतर जसाच्या तसा परत येईल अशी त्याची रचनाच नाही. काही सर्व्हिसेस उठतात, पण बाहेरच्या ब्रिजवरचा आयपी हरवतो आणि इन्स्टन्सना वाट सापडत नाही. पुन्हा 'स्टॅक डॉट एसएच' चालवला तर डेटाबेस नव्याने तयार होतात, म्हणजे तुमचे प्रोजेक्ट आणि इन्स्टन्स गेले. यावर आम्ही शोधलेला उपाय असा: लाईट गेली आणि यूपीएस कुईकुई करू लागला की आतले इन्स्टन्स 'ओपनस्टॅक सर्व्हर स्टॉप'ने थांबवायचे, आणि मुख्य मशीनवर 'व्हर्श मॅनेज्डसेव्ह' पुढे व्हीएमचं नाव द्यायचं. व्हीएमची अख्खी रॅम डिस्कवर लिहिली जाते. लाईट आल्यावर 'व्हर्श स्टार्ट' दिलं की क्लाउड जिथे थांबला तिथूनच सुरू होतो, त्याला रीबूट झाल्याचा पत्ताही लागत नाही. व्हीएमचं घड्याळ मात्र मागे पडलेलं असतं, ते जुळलं की नाही ते 'टाइमडेट सीटीएल'ने पाहा. कीस्टोन ओळखपत्र म्हणून जे टोकन देतो त्याला वेळेची मुदत असते. आतले इन्स्टन्स आधी थांबवायची पायरी गाळू नका, विशेषतः एएमडी प्रोसेसरवर.

यूपीएस नसेल तर रोजच्या कामाच्या शेवटी हेच करून मशीन बंद करा. १२ जीबी रॅम लिहायला एसएसडीवर फार वेळ जात नाही.

एकदा डाउनलोड, दहा मशीन

लॅबमध्ये दहा जणांनी एकाच वेळी स्क्रिप्ट सुरू केली तर कुणाचीच पूर्ण होत नाही. आम्ही एकाच मशीनवर सगळं पूर्ण करतो. मग 'अनस्टॅक डॉट एसएच' चालवून व्हीएम बंद करतो आणि तिची डिस्क फाइल पोर्टेबल एसएसडीवरून बाकी मशीनवर नेतो. व्हीएमचं वर्णन 'व्हर्श डम्पएक्सएमएल'ने काढून तेही सोबत न्यायचं, म्हणजे नेटवर्क कार्डाचं नाव बदलत नाही. प्रत्येक मशीनचं १९२.१६८.१२२ हे नेटवर्क त्या मशीनच्या आतच असतं, म्हणून सगळीकडे ५० हाच आयपी चालतो, टक्कर होत नाही.

आता प्रत्येक ठिकाणी लोकल डॉट कॉन्फमध्ये 'ऑफलाइन'पुढे 'ट्रू' लिहा आणि स्टॅक डॉट एसएच चालवा. या खेपेला स्क्रिप्ट बाहेर काही मागत नाही, डिस्कवर आहे त्यातूनच उभारणी करते. पहिल्यापेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो आणि नेटची तार काढून ठेवली तरी चालतं. हिंगोलीच्या एका छोट्या क्लासमध्ये आम्ही हे शिबिर केलं तेव्हा तिथे नेट नव्हतंच, आणि संध्याकाळपर्यंत आठ मशीनवर आठ क्लाउड उभे होते.

मोडून पाहणं

उभारणी झाली की खरा अभ्यास सुरू होतो. 'सिस्टम सीटीएल'ने 'डेव्हस्टॅक ॲट एन-सीपीयू' बंद करा आणि आधीच चालू असलेल्या इन्स्टन्सला पिंग करा. पिंग जातो. पोरं चक्रावतात. नोव्हा व्यवस्थापक आहे, मशीन चालवणारं केव्हीएम आहे, हा फरक तिथे मनात पक्का बसतो. मिनिटभर थांबून नवा इन्स्टन्स करा. आता 'नो व्हॅलिड होस्ट' असा एरर येईल, कारण ज्या कंप्यूटची खबर येणं बंद झालं आहे त्याला जागा निवडणारा शेड्यूलर मोजत नाही. सर्व्हिस पुन्हा चालू करा. मग 'जी-एपीआय' म्हणजे ग्लान्स बंद करून तेच पाहा, आणि एरर या वेळी वेगळा का आला ते वहीत लिहा.

दुसरा प्रयोग माझा सर्वांत आवडता. 'सोर्स ओपनआरसी ॲडमिन ॲडमिन' देऊन ॲडमिन व्हा, आणि जालना व धाराशिव नावाचे दोन प्रोजेक्ट करा. प्रत्येकाला एक यूजर द्या, त्याला 'मेंबर' ही भूमिका द्या, आणि 'ओपनस्टॅक कोटा सेट'ने प्रत्येकी दोनच इन्स्टन्सची मर्यादा घाला. आपल्याकडे सामाईक विहिरीवर वाटेकऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. विहीर एकच, पण ज्याच्या त्याच्या पाळीचं पाणी ज्याच्या त्याच्याच रानात जातं. कोटा म्हणजे ती ठरलेली पाळी, हे सांगितलं की शेतकऱ्याच्या पोराला व्याख्या लागत नाही. जालन्याने तिसरा इन्स्टन्स मागितला की नोव्हा तिथेच नकार देतो.

मग दोन्ही प्रोजेक्टमध्ये वेगवेगळी नेटवर्कं करा, पण दोघांनाही रेंज मुद्दाम एकच द्या, १९२.१६८.५०.० तिरकी रेघ २४. दोन्हीकडे एकेक इन्स्टन्स करताना तोच आयपी ठरवून द्या, १९२.१६८.५०.१०. आमच्या वर्गात या ठिकाणी नेहमी कुणीतरी म्हणतं, "सर, आयपी कॉन्फ्लिक्ट होणार." होत नाही. एकाच मशीनवर, एकाच वेळी, एकाच पत्त्याचे दोन इन्स्टन्स सुखाने चालतात. न्यूट्रॉनच्या खाली ओव्हीएन हे आभासी नेटवर्कचं सॉफ्टवेअर प्रत्येक नेटवर्कला वेगळा स्विच देतं, आणि पॅकेट एका स्विचवरून दुसऱ्यावर उडी मारू शकत नाही. 'सुडो ओव्हीएन-एनबीसीटीएल शो' द्या. दोन स्विच, त्यांची दोन पोर्टं आणि दोन्हींवर एकच आयपी, असं समोर छापून येतं.

याच्या पुढे जाऊन कॉलेजसाठी किंवा एखाद्या सहकारी संस्थेसाठी कायमचा क्लाउड हवा असेल तर डेव्हस्टॅक सोडा आणि कोला-ॲन्सिबल हातात घ्या. तो प्रत्येक सर्व्हिस कंटेनरमध्ये ठेवतो, रीबूट सहन करतो आणि आवृत्ती वाढवण्याची वाट देतो. त्यातल्या फाइलींमध्ये तीच सात नावं भेटतात.